आडवी बाटली

आमच्या माहेरी ‘बाटली’ हा शब्द दोनच अर्थांनी वापरला जाई. एक गोडेतेलाची आणि दुसरी औषधाची. तिसरीही एक बाटली जगात असते हे सर्वांना ठाऊक होते. पण तिचे नाव घरात काढायचे नाही, असा आईचा दंडक होता. त्यामुळे गेल्या गणपतीत माझ्या भाचीचा निरोप मोबाईलवर आला, तेव्हा तो मी आधी स्वयंपाकघराचे दार लोटून एकटीने वाचला आणि मगच ह्यांना दाखवला.

निरोप असा होता: “आत्या, फेब्रुवारीत आमच्याकडे द्राक्षांची तोडणी जोरात असते. तू आणि मामा या. बाबांना आणि आजीला घेऊन या. मी काम करते ती जागा तुम्ही कोणीच अजून पाहिलेली नाही. एकदा येऊन बघा, चव घ्या, आणि मग काय बोलायचे ते बोला.”

ही माझ्या थोरल्या भावाची मुलगी. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि दोन वर्षांपासून नाशिकजवळच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. गावात कोणी विचारले तर दादा सांगतो, “नाशिकला फळप्रक्रियेच्या कारखान्यात आहे.” हे खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. तिच्या लग्नाचे बघायला सुरुवात झाली आहे आणि ‘वायनरी’ हा शब्द उच्चारताच समोरच्या मंडळींच्या हातातला चहाचा कप क्षणभर थांबतो, हे दादाने दोनदा अनुभवले आहे. म्हणून फळप्रक्रिया!

आम्ही साताऱ्याला राहतो. माझे माहेर पलूसजवळच्या एका खेड्यात. आजचा सांगली जिल्हा १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ या नावाने ओळखला जाई. म्हणजे माझे सासर आणि माहेर एका नावाचेच दोन तुकडे. पण कृष्णाकाठी द्राक्षांत वाढलेली मी, द्राक्षाचे पुढे काय काय होते हे कधी विचारायला गेले नव्हते. या सहलीचा बेत आखता आखता ते मला शिकावे लागले. आमच्यासारख्या आणखी एखाद्या कुटुंबाच्या मनात असा बेत असेल तर त्यांना उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ह्यांची नोकरी बँकेतली. कोणतीही गोष्ट कागदावर रकाने पाडल्याशिवाय त्यांना सुचत नाही. त्यांनी कॅलेंडर काढले. एरवी सहल ठरवताना आधी गाव ठरते आणि मग दिवस. द्राक्षांच्या सहलीत हे उलटे असते. आधी वेलीला विचारावे लागते. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात बर्फात झोपते, वसंतात उठते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ देते. आपल्याकडे तिला झोपच नाही. म्हणून आपला बागाईतदार तिची दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. छाटण्या दोन, पीक एक. त्या हिशेबाने द्राक्ष तयार होते जानेवारी ते मार्च-एप्रिलमध्ये. वाचकहो, आपण हा अंक हाती घेऊन चकलीचा तुकडा मोडत असाल, त्या वेळी आमच्या तासगाव-पलूसकडे वेली नुकत्या फुटलेल्या किंवा फुलोऱ्यात असतील. अशा वेळी अवकाळी पाऊस आला की दावण्या रोग पडतो आणि वर्षाची कमाई चार दिवसांत जाते. दिवाळीला मी माहेरी जाते तेव्हा सगळे आकाशकंदिलाकडे बघत असतात आणि दादा एकटा आकाशाकडे.

तेव्हा महिना ठरला फेब्रुवारी. आठवडा ठरवताना ह्यांनी २६ जानेवारी आणि ३० जानेवारी या तारखांभोवती लाल गोल काढले. हे कोरडे दिवस. त्या दिवशी वायनरीत बागा दिसतील, पण चव मिळणार नाही. माघी एकादशीभोवतीही गोल पडला, कारण पंढरपूर वाटेत येणार होते आणि वारीच्या गर्दीत गाडी घालण्यात अर्थ नव्हता. शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची झुंबड असते, म्हणून ते वार वजा झाले. उरले सोमवार ते गुरुवार. माझ्या चार किरकोळ रजा. कागदावरचा पहिला रकाना असा सहज भरला. दुसरा रकाना माणसांचा होता, आणि तिथे आमची लेखणी अडली.

आधी दादाचे सांगते.

२००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि दोन ठिकाणी वाइन पार्क काढायचे ठरवले: एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि दुसरा आमच्या सांगली जिल्ह्यात पलूसला. किर्लोस्करवाडीने ज्या माळावर १९१० साली नांगराचा कारखाना उभा केला, त्याच्या शेजारी आता द्राक्षाचेही कारखाने होणार, अशी हवा पसरली. दादाने २००४ साली दोन एकरांवर वाइनची द्राक्षे लावली. एका वायनरीशी करार झाला. ती द्राक्षे मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटले, रोपे देणाऱ्याने दादाला फसवले. काळपट, करवंदाएवढे मणी, साल जाड, आणि आत बिया! पण वाइनला हवे असते तेच. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. गर तर बहुतेक सर्व द्राक्षांचा पांढुरकाच. म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात आणि पांढरी वाइन आधी रस गाळून मग. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त.

पहिली काही वर्षे बरी गेली. मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, परदेशी पाहुणा आटला, हॉटेले रिकामी पडली. वाइन टाक्यांत तुंबून राहिली आणि पुढच्या हंगामात दादाचा माल उचलायला कोणी आले नाही. खाण्याचे द्राक्ष असते तर हुंडेकऱ्याला घातले असते, नाहीतर बेदाणा केला असता. पण जाड सालीचे, बियांचे हे फळ ना बाजारात खपते, ना त्याचा चांगला बेदाणा होतो. ते एकाच घराण्यात नांदू शकते, आणि त्या घराने दार लावले. घड वेलीवरच सुकले. मागच्या मालाचे पैसेही पुरते आले नाहीत. २०१० च्या उन्हाळ्यात दादाने स्वतःच्या हाताने ती बाग तोडली. भाची तेव्हा नऊ वर्षांची होती. बांधावर बसून सुकलेले घड फ्रॉकच्या ओच्यात गोळा करीत होती. कशाला, असे कोणी तिला विचारले नाही.

पलूसचा पार्क विंचूरच्या पार्कासारखा बहरला नाही. आमच्या भागाने दुसरी वाट धरली, आणि ती त्याची जुनीच वाट होती. द्राक्ष टिकवण्याच्या माणसाला दोन युक्त्या ठाऊक आहेत: एक वाळवणे आणि दुसरी आंबवणे. नाशिकने आंबवणे उचलले. सांगली वाळवण्यात पुढे गेली. तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस जातीतून निवडलेले ‘तास-ए-गणेश’ हे वाण प्रसिद्धच आहे. तासगावचा गणपती आणि तासगावचे द्राक्ष यांची नावे अशी एकत्र नांदतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. दादाने कर्ज काढून पुन्हा बाग लावली आणि आज त्याचा बेदाणा तासगावच्या सौद्यात जातो. कर्ज फिटले, पण मनातले फिटले नाही. “ज्या धंद्यानं माझी दोन एकर बाग खाल्ली, तिथंच पोरगी चाकरी करते,” एवढेच तो म्हणतो. दोन वर्षांत तो नाशिकला एकदाही गेला नाही.

आता आईचे. माझे एक चुलते पिण्यापायी गेले. हातभट्टी असे, देशी असे, मिळेल ते. काकीचे डोरले विकले गेले, मग भांडी, मग विहिरीवरचे इंजिन. गावात परवानाधारक दुकान होते, ते बंद व्हावे म्हणून पंधराएक वर्षांपूर्वी बायकांनी मतदान मागितले. शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल: अशा मतदानात मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. आमची आई माळकरी, कधी घराच्या चौकटीबाहेर मोठ्याने न बोलणारी. पण त्या महिन्यात ती काकीला घेऊन उंबरठा न् उंबरठा फिरली. बाटली आडवी झाली. त्या दिवशी आईने घरी पुरणपोळी केली होती.

जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर मोठा वाद झाला आणि निर्णय मागे पडला, हे आपल्याला आठवत असेल. तो वाद आमच्या माजघरातही झाला. मी माझी विद्या पणाला लावली. आईला म्हटले, “अगं, ‘दारू’ हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थच औषध! दिवाळीत उडवतो ती शोभेची दारू, तोफेची ती दारूगोळ्यातली दारू. आणि तू जेवणानंतर दोन चमचे द्राक्षारिष्ट घेतेस ना? तेही धायटीची फुले घालून आंबवलेला द्राक्षांचा काढाच. त्याच्या लेबलावर ‘स्वयंजनित मद्यार्क’ असे छापलेले असते.”

आईने माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “शब्दाचं मला काय सांगतीस, बाई? तुझ्या काकीचं डोरलं शब्दानं न्हाई गेलं.”

वीस वर्षे मी मराठी शिकवते. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही; आजही सुचलेले नाही. म्हणून इथे स्पष्टच लिहिते. वाइन हा फळांचा रस नव्हे. तिच्यात साधारणपणे शेकडा १२ ते १३ भाग मद्यार्क असतो. द्राक्षात बावीस-चोवीस टक्क्यांपर्यंत साखर भरू देतात, आणि यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव ती साखर खाऊन तिचे मद्यार्कात रूपांतर करतात. ज्या घरात कोणाला पिण्याचे व्यसन आहे किंवा होते, त्या घराने ही सहल बागेपुरतीच ठेवावी. चव पाहणे ही वेगळी गोष्ट आहे असे मला आता पटले आहे. पण ते पटवून घेण्यापूर्वी आईचे वाक्य ओलांडावे लागते, आणि ते ओलांडताना वाकून नमस्कार करावा लागतो.

राहिले मी स्वतः. माझी अडचण निराळी. मी वर्गात ‘रसास्वाद’ शिकवते. काव्याचा द्राक्षापाक म्हणजे जिभेवर ठेवताच रस देणारी रचना, नारळासारखी फोडावी न लागणारी, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. रस, आस्वाद, रुची, रसिक! आमची सगळी समीक्षा जिभेच्या शब्दांवर उभी. आणि स्वतः मी चहाखेरीज कशाचा आस्वाद लक्ष देऊन घेतला होता? कोल्ह्याला द्राक्षे आंबट; मला तर ती आंबट आहेत की गोड हेही सांगता येत नव्हते.

भाचीने फोनवर शिकवणी सुरू केली. “आत्या, वाइन लांबच आहे. आधी घरातल्या वस्तूंवर नाक तयार कर.” मग दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडल्या जाऊ लागल्या: पेरूची फोड, चिरलेली ढोबळी मिरची, ठेचलेले मिरे, लवंग, लिंबाची साल, जांभळाचा सुकवलेला गर. डोळ्यांवर पंचा बांधायचा आणि ओळखायचे. ह्यांनी लवंगेला कापूर म्हटले आणि पेरूला “काहीतरी सणासुदीचे”. मी स्वतः मिरे आणि ढोबळी मिरची यांत गडबडले. हसण्यावारी नेऊ नका. सोव्हिन्यॉं ब्लां नावाच्या पांढऱ्या वाइनमध्ये पेरूचा, हिरव्या गवताचा वास जाणकारांना येतो, शिराझमध्ये मिऱ्याचा आणि जांभळाचा, कॅबर्नेमध्ये ढोबळ्या मिरचीचा. द्राक्षात पेरू कोणी घातलेला नसतो. ते वास द्राक्षाच्या सालीतून आणि आंबण्यातून तयार होतात. तुरटपणा म्हणजे काय हे कळण्यासाठी तिने कोरा चहा दहा मिनिटे उकळून प्यायला लावला. जीभ आणि हिरड्या आवळून आल्या. “हाच तो टॅनिन,” ती म्हणाली. “बाबांच्या काळ्या द्राक्षाच्या सालीत हाच होता.”

बाबांची द्राक्षे तिच्या तोंडी आली ती त्या दिवशी प्रथमच.

या शिकवणीत मला एक गोष्ट कळली. चव घेणाऱ्याने पिणे अपेक्षितच नसते! पेला वाकडा करून रंग बघायचा, हलके फिरवून वास घ्यायचा, एक घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारी ठेवलेल्या भांड्यात थुंकून टाकायचा. वायनरीतले जाणकार दिवसभर तेच करतात. हे मी आईला सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. “एवढ्या लांब जाऊन थुकून यायचं?” असे म्हणाली खरी, पण त्या हसण्यात दार किलकिले झाले होते.

आता बेत. ह्यांच्या कागदावर तो चार दिवसांचा झाला आहे.

पहिला दिवस सातारा–कराड–पलूस–तासगाव. सकाळी दादाकडे न्याहारी. दुपारी बेदाण्याचे शेड. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून, जाळीच्या रॅकवर सावलीत पसरायचे. कोरड्या वाऱ्यात साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा एक किलो. वाइनच्या सहलीत बेदाणा कशाला, असे कोणी विचारील. पण एकाच फळाच्या दोन गती शेजारी शेजारी पाहिल्या म्हणजे दुसरी नीट कळते. हिरवा, सोनेरी आणि काळा बेदाणा वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन सावकाश खाऊन बघा. चव ओळखण्याचा हा पहिला धडा, आणि तो घरातल्या मुलांनाही घेता येतो. संध्याकाळी तासगावच्या गणपतीचे दर्शन. परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेले इथले दाक्षिणात्य धाटणीचे गोपुर आपल्या मुलखात आगळेच दिसते.

दुसरा दिवस मिरज–सांगोला–पंढरपूर–अकलूज. पंढरपूर आईसाठी, अकलूज आमच्यासाठी. अकलूजच्या आसपासच्या माळावर २००७ साली तीन घराण्यांतल्या सात भावांनी, म्हणजे इथल्या मोहिते-पाटलांनी, दिल्लीच्या सेखरींनी आणि इटलीच्या सेक्कींनी मिळून वाइनचा व्याप मांडला. ‘फ्रातेल्ली’ या त्यांच्या नावाचा अर्थच भाऊ. इटलीतल्या तस्कनीचे सांजोव्हेझे हे द्राक्ष आपल्या सोलापूर जिल्ह्यात पिकते, हे तिथे बघायचे.

तिसरा दिवस प्रवासाचा: इंदापूर–पुणे–नारायणगाव–सिन्नर–नाशिक. नारायणगावी गाडी थांबवून चहा घ्यायचा आणि आठवण काढायची. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच जाणकारांच्या मदतीने इथे फसफसणारी वाइन केली, आणि परदेशांत ती ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली गेली.

चौथा दिवस नाशिकचा. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, हिवाळ्यात रात्री थंड आणि दुपारी ऊन. या फरकामुळे द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी १९९९ साली सुला वायनरी काढली आणि २००५ मध्ये लोकांना चव घेण्यासाठी खास खोली उघडली. तेथून दिंडोरीकडे किंवा इगतपुरीकडे गेले की लहानमोठ्या वायनऱ्या लागतात. पण आम्ही जाणार भाचीच्या वायनरीत. पलूस, अकलूज, नाशिक! माती निराळी, उंची निराळी, वारा निराळा, आणि म्हणून फळ निराळे. एका राज्यात एवढे वैविध्य चार दिवसांत बघायला मिळते.

जाणाऱ्यांसाठी भाचीने सांगितलेले चार शब्द. आधी फोन करून वेळ घ्या. तोडणीच्या दिवसांत लोक कामात असतात. एका दिवसात दोनच वायनऱ्या करा. तिसरीत जीभ बधिर होते. पोटभर जेवून जा. अत्तर लावू नका आणि, बायकांनो, मोगऱ्याचा गजरा माळू नका. त्या वासात पेल्यातला वास हरवतो. पान-सुपारी आधी नको. पांढरीपासून सुरुवात करून लालकडे जा, हलक्याकडून जडकडे. मध्ये पाणी आणि साधा पाव. गाडी चालवणाऱ्याने चव घ्यायची नाही; आमच्याकडे हे पद ह्यांनी स्वखुषीने पत्करले आहे. आपल्या राज्यात मद्यसेवनाला परवाना लागतो, तो एका दिवसाचाही मिळतो. आणि वाइनसाठी वय एकवीस पूर्ण हवे. आमचा मुलगा बारावीत. तो द्राक्षे खाईल.

हे सगळे ठरले तरी माणसांचा रकाना अर्धा रिकामाच होता. नवरात्रात आम्ही गावी गेलो होतो. रात्री जेवणे झाल्यावर भाचीचा फोन आला. मी तो सर्वांना ऐकू जाईल असा ठेवला. घरी आणलेली बाटली कशी ठेवायची, असे मी तिला विचारत होते. ती म्हणाली, “बूच असेल तर आडवी ठेवायची, आत्या. उभी ठेवली तर बूच वाळतं, हवा आत जाते आणि वाइन बिघडते. आता पुष्कळ बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, त्या उभ्या चालतात. पण आमच्या तळघरात सगळ्या आडव्याच.”

आई जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसली होती. ती एकदम म्हणाली, “काय म्हंतीस? आडव्या?”

“हो आजी. हजारो बाटल्या. सगळ्या आडव्या.”

आई क्षणभर गप्प राहिली. मग तिला असे हसू फुटले की जपमाळ मांडीवरून घसरली. “मग तिथंबी आमचंच मत पडलं म्हणायचं!”

काकीही हसली. तिला मी त्या विषयावर हसताना कधी पाहिले नव्हते.

हसणे ओसरल्यावर आई फोनजवळ सरकून बसली. म्हणाली, “पोरी, मी येते. मी काई त्वांडाला लावायची न्हाई, ते तू मला सांगायचं न्हाई. पर तू काय काम करतीस ते मला बघायचंय. आन् तुझ्या लग्नाचं कोन इचारलं तर मी सांगीन, वायनरीत हाय म्हणून. फळप्रक्रिया नगं.” मग दादाकडे वळून, “तू गाडीत बसतूस का मी एस्टीनं जाऊ?”

दादा काही बोलला नाही. उठून बाहेर गेला. मागच्या दाराने बागेकडे गेला असावा. छाटणी नुकतीच झाली होती. फोनवर भाचीही गप्प होती. आम्ही तिला झोप म्हणून सांगितले आणि फोन ठेवला.

सकाळी आम्ही साताऱ्याला निघालो. ह्यांचा बेताचा कागद रात्री टेबलावरच राहिला होता, तो घडी करून पर्समध्ये टाकला. घरी आल्यावर उघडला तेव्हा दिसले: माणसांच्या रकान्यात आईच्या नावाखाली दादाने आपले नाव लिहिले होते. आणि चौथ्या दिवसापुढे, जिथे ह्यांनी ‘वायनरी, चव, दुपारी २ ते ४’ असे नोंदवले होते, तिथे त्याच अक्षरात एक ओळ वाढवली होती: ‘आधी शिराझची बाग बघणे. एक तास.’

दादाने २००४ साली शिराझच लावली होती.

ह्यांनी ती ओळ वाचली आणि लाल पेनने तिच्याभोवती गोल काढला. हा गोल टाळण्याच्या दिवसाचा नव्हे. आता फेब्रुवारीपर्यंत पाऊस तेवढा पडायला नको.